मंगळवारचं तेल

ग्वाल्हेरच्या माधवगंजात कुणाचा खांदा निखळला, मनगट मुरगळलं, कंबरेत उसण भरली, तर तो आधी डॉक्टरकडे जात नाही. आधी जातो जगदेवरावांच्या आखाड्यात. एक्स-रे नंतर, आणि तोही वस्ताद म्हणाले तरच. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी आखाड्याच्या ओट्यावर रांग लागायची. टेम्पोवाले, शाळामास्तर, बाड्याच्या बाजारातले साडीवाले शेठ, सगळे आपापला दुखरा अवयव सांभाळत मुकाट बसलेले. जगदेवरावांची सत्तरी उलटलेली, पण पंजा असा की समोरच्याचं मनगट त्यात दिसेनासं व्हावं. ते कुणाकडून पैसा घेत नसत. घेतला तर हाताचा गुण जातो, असं त्यांना त्यांच्या वस्तादांनी बजावलं होतं. गावाला याचं कोण कौतुक. खरं तर घेतले असते पैसे तर बरं झालं असतं, कधीतरी कुणीतरी जाब विचारला असता. फुकट उपकार करणाऱ्याला कोण काय विचारणार?

मंगळवारची रांग संपली की जगदेवराव आखाड्यामागच्या गल्लीत विक्रमसिंह इंगळ्यांच्या घरी येत. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. तोवर विक्रमची आई शालिनीताई मोहरीच्या तेलात लसूण आणि ओवा टाकून ते कढवून ठेवत, आणि त्याच्याही आधी मुलाची दाढी करत. एरवी दाढीचं नाव काढलं की विक्रम म्हणायचा, राहू दे. मंगळवारी मात्र तो स्वतःच हनुवटी वर करायचा. आईच्या हे लक्षात आलं होतं. पण ती बोलली नाही कधी, कारण बोललं की अशा गोष्टी बंद पडतात.

वस्ताद यायचे, कुडत्याच्या बाह्या वर सारायचे, वाटीत बोटं बुडवायचे आणि विक्रमचा पाय मांडीवर घ्यायचे. एकेकाळी त्या मांडीच्या मापाची विजार लष्कर बाजारातल्या कुठल्याच दुकानात मिळत नसे. आता पायाच्या कातडीखाली हाड हाताला लागायचं.

"बघ, मागल्या मंगळवारपेक्षा गरम आहे," वस्ताद म्हणायचे. "रक्त फिरून राहिलंय. नसा जाग्या होतात ना, तर पहिले अशीच गरमी येते. तू फिकर नको करू, पठ्ठे. पुढल्या नागपंचमीला तुला मातीत उभा करतो का नाही बघ."

विक्रम म्हणायचा, "हो, वस्ताद."

पायाला काहीच कळत नसे. वस्तादांचे अंगठे पोटरीत रुतताना त्याला फक्त दिसायचे. दिल्लीच्या डॉक्टरनं फिल्म उजेडावर धरून सगळं स्वच्छ सांगितलं होतं, मानेतला मज्जारज्जू चेमटला आहे, हात थोडे सुधारतील, पायांची आशा ठेवू नका. हात खरंच थोडे सुधारले. चमचा तळव्याला पट्ट्यानं बांधला तर वरण तोंडापर्यंत जायचं, निम्मं छातीवर. पाय गेले ते गेले.

हा विक्रमसिंह चार वर्षांपूर्वी ग्वाल्हेरचा नावाजलेला पहिलवान होता. इंगळे म्हणजे शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आलेलं घराणं. तलवारी कधीच्या गेल्या होत्या, मिशा तेवढ्या शाबूत. वडील मानसिंगराव लवकर वारले. त्या वर्षी जगदेवरावांनी पोराला हाताला धरून आखाड्यात नेलं, आपल्या घरचं दूध पाजलं, पहाटे उठवून जोर-बैठका काढून घेतल्या, चुकला तेव्हा वेताची छडीही दिली. त्यातून भिंड, मुरैना, दतिया, झाशी, आग्र्यापर्यंतच्या दंगली, म्हणजे कुस्त्यांचे फड, जिंकणारा गडी तयार झाला. दंगल हेच त्याचं पोट आणि हीच त्याची इज्जत. एका मेळ्यात मिळालेली चांदीच्या पत्र्याची गदा कोपऱ्यात उभी होती. सुरुवातीला तिच्यावर रुमाल झाकलेला असे. हल्ली सोनिका, त्याची बायको, तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालायची. खोलीत दुसरी जागाच नव्हती, आणि टॉवेल फार लागायचे.

तो पडला ते मुरैनाकडच्या एका खेड्यातल्या दंगलीत. समोर हरियाणाचा पहिलवान. त्यानं कमरेला मिठी घालून विक्रमला उचललं आणि टाकलं. पाठ टेकली की कुस्ती गेली, म्हणून विक्रमनं डोकं मातीत रोवून मानेवर कमान केली. आयुष्यभर हेच शिकला होता. वरून त्या गड्याचं सगळं वजन आलं. मानेत आगीचा लोळ उठला आणि विक्रम कुशीवर कलंडून पालथा झाला.

आता पुढचं नीट ऐकायला हवं, कारण सगळी गोष्ट यातच आहे. विक्रम शुद्धीवर होता. पालथा पडल्या पडल्या त्यानं पायाची बोटं मातीत खुपसली. उठण्यासाठी पहिलवान आधी तेच करतो. ओली, गार माती बोटांच्या बेचक्यांत शिरली. त्याला ती स्वच्छ कळली. तेवढ्यात वस्ताद धावत आले. "मान चढली आहे, काही नाही झालेलं," ते ओरडले. "दोघं जण पाय धरा." त्यांनी एक गुडघा विक्रमच्या पाठीवर रोवला, एक तळवा हनुवटीखाली, एक डोक्यामागे, आणि मान ओढून फिरवली. कट् असा आवाज झाला. कडेची माणसं वाहवा म्हणाली. आणि विक्रमच्या पायाच्या बोटांमधली माती नाहीशी झाली.

ती परत आली नाही.

गावात वेगळीच कहाणी पोहोचली. पडल्यावर मानच मोडली होती, वस्तादांनी जागच्या जागी बसवली म्हणून जीव तरी वाचला, डॉक्टरांच्या भरवशावर राहिला असता तर तिथंच संपला असता. वस्तादांचाही हाच विश्वास होता, आणि विक्रमनं ती कहाणी खोडली नाही. दिल्लीच्या डॉक्टरनं विचारलं, "पडल्यावर कुणी मान हलवली होती का?" विक्रम म्हणाला, "नाही." तेव्हापासून एक नवीनच गोष्ट सुरू झाली. पूर्वी वस्तादांकडे खांदे आणि मनगटं यायची. आता माना यायला लागल्या. ज्या हातांनी विक्रमची मान वाचवली, त्या हातांना बाकीच्या माना म्हणजे काय?

सोनिकाला त्यानं खरं सांगितलं होतं, ते दुसऱ्या उन्हाळ्यात. तेव्हा तो जगायला इतका विटला होता, की गच्चीचा विचार मनात यायचा आणि मग कळायचं, गच्चीवर न्यायलाही कुणीतरी हवं. मरायलाही दुसऱ्याची मदत लागते या विचारानं तो लहान पोरासारखा रडला, आणि त्या रडण्यात सगळं बोलून गेला. सोनिका सिटी सेंटरला चष्म्यांच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावून संध्याकाळी टेम्पोनं घरी यायची आणि आल्या आल्या पदर खोचून त्याला कुशीवर वळवायची. तिला वस्तादांचं नाव नको झालं होतं. मंगळवारी ती मुद्दाम लवकर निघायची.

या वर्षी नागपंचमी जवळ आली आणि आखाड्यातले गडी घरी आले. पुढे विहंग. वस्तादांचा सध्याचा लाडका पहिलवान, तेविशी-चोविशीचा, पोलीसभरतीच्या तयारीला लागलेला. मान अशी की कॉलरचं बटण लागत नाही.

"विक्रमदादा, या पंचमीला वस्तादांचा सत्कार आहे," तो म्हणाला. "आखाड्याशेजारी हाड बसवायची पक्की खोली बांधतोय आपण. वर टीनशेड, आत बेंच, एकदम बढिया. तिची घोषणा त्याच दिवशी. तुम्हाला बोलावंच लागेल. दुसरं कोण बोलणार? तुम्ही तर जिवंत सबूत आहात."

विक्रम हसला. जिवंत सबूत! शब्द काही वाईट नव्हता.

"मला बोलता नाही येत रे."

"अरे, काय करायचंय? फक्त खरं काय झालं ते सांगा. दोन मिनिटं."

त्या संध्याकाळी सोनिका भाकरी मोडून वरणात कुस्करत होती. त्यानं सांगितलं. तिचे हात थांबले.

"मग काय सांगणार तुम्ही?"

"जे सगळे सांगतात ते."

"तुम्ही ते माइकवर बोलाल, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे अजून माना येतील. त्यातली एखादी मोडली म्हणजे?"

"मग मी काय करू? ज्यांनी बापासारखं वाढवलं त्यांचं भर दंगलीत नाक कापू?"

"नाक त्यांचं एकट्याचं आहे. माना लोकांच्या आहेत." तिनं घास त्याच्या तोंडाजवळ धरला, मग परत ताटात ठेवला. "आणि एक सांगू? तुम्ही त्यांच्यासाठी गप्प नाही आहात. तुम्हाला मंगळवार पाहिजे. या घरात तुम्हाला उठवीन म्हणणारे तेवढेच एक आहेत. मी नाही म्हणत, डॉक्टर नाही म्हणत. आई मनात म्हणत असतील तर माहीत नाही."

विक्रमला इतका संताप आला की ताट उडवावंसं वाटलं. उडवायला हात नव्हता. संताप खोट्याचा येत नाही इतका. तिनं नेमकं तेच म्हटलं होतं जे तो स्वतःपाशीही कबूल करत नव्हता. रिपोर्ट त्याला तोंडपाठ होते, वस्तादांच्या हातानंच आपलं वाटोळं झालं हेही पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मंगळवारी ते हात पायाला लागले की मनाच्या तळाशी काहीतरी उठून बसायचं. ज्यानं तोडलं तोच जोडेल, असं काहीतरी वेडगळ. वस्तादांना खरं सांगितलं तर वस्ताद जातील, आणि त्यांच्याबरोबर हेही जाईल. मग या खाटेवर उरेल काय?

"भरव," तो म्हणाला. तिनं भरवलं.

नागपंचमीला दुपारी चाकाची खुर्ची टेम्पोत चढवून त्याला नेलं. पावसानं उघडीप दिली होती. मैदानात कापडी कनात, ढोल, भज्यांच्या गाड्या, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. मंचावर विक्रमला वस्तादांच्या शेजारी बसवलं. वस्तादांनी नवा फेटा बांधला होता आणि ते अवघडून, लाजून बसले होते. सत्काराची त्यांना सवय नव्हती. त्यांनी विक्रमच्या खांद्यावरची शाल सारखी केली.

"दमलास का?"

"नाही, वस्ताद."

सूत्रसंचालक ग्वाल्हेरचा जुना दंगलवाला, घसा बसलेला आणि शेरोशायरीची हौस दांडगी. त्यानं माइक विक्रमच्या तोंडासमोर धरला. समोर लाल माती नांगरून, हळद-तेल घालून तयार केलेली होती. तिचा वास थेट मंचापर्यंत येत होता. विक्रमनं तिच्याकडे पाहिलं आणि मग वस्तादांच्या गुडघ्यावर ठेवलेल्या हातांकडे पाहिलं.

"मी पडलो," तो म्हणाला, "तेव्हा वस्ताद धावत आले. त्यांनी जागच्या जागी मान बसवली. म्हणून मी आज तुमच्यासमोर बसलोय."

टाळ्यांचा पाऊस पडला. वस्तादांचे डोळे भरून आले. त्यांनी फेट्याच्या शेमल्यानं ते पुसले. बोलायला सोपं गेलं याचंच विक्रमला वाईट वाटलं.

मग कुस्तीच्या जोड्या सुटायला लागल्या. उन्हं कलताना विहंगची कुस्ती लागली, भिंडच्या एका भारी गड्याशी. ढोल तापले. विहंग चपळ होता, दोनदा निसटला. तिसऱ्यांदा भिंडकरानं त्याला कमरेत धरून उचललं आणि विक्रमला पुढचं सगळं आधीच दिसलं. पोरगा चीत होणार नाही. डोकं रोवणार. कमान करणार. आपण सगळे असेच शिकलो आहोत.

विहंगनं डोकं रोवलं. वरून वजन आलं. तो कलंडला आणि पालथा झाला, उठला नाही.

लोक उभे राहिले. कुणीतरी ओरडलं, "उस्ताद को बुलाओ." दुसऱ्यानं म्हटलं, "रस्ता द्या, वस्तादांना रस्ता द्या." आणि गर्दी दुभंगली. इतकी माणसं एका क्षणात बाजूला झाली, कारण त्यांनी तासाभरापूर्वीच ऐकलं होतं की हे हात मान बसवतात. ऐकवलं कुणी होतं? जगदेवराव फेटा काढून खुर्चीवर ठेवून निघालेसुद्धा. या वयातही ते मंचावरून जवळजवळ उडी मारून उतरले.

"वस्ताद," विक्रम म्हणाला. "वस्ताद, थांबा." त्याचा आवाज ढोलात बुडाला. ढोलवाल्याला अजून कळलंच नव्हतं काय झालं ते, तो वाजवतच होता. विक्रमनं खुर्चीतून स्वतःला पुढे झोकायचा प्रयत्न केला. धड हललं नाही. तिकडे वस्ताद मातीत शिरले होते, बाह्या वर सारत होते. विहंगच्या पायाची बोटं विक्रमला एवढ्या लांबून दिसत होती. ती मातीत रुतत होती, निघत होती, परत रुतत होती.

"माइक," तो सूत्रसंचालकावर खेकसला. "माइक इधर लाओ."

सूत्रसंचालकाला वाटलं, विक्रम वस्तादांसाठी अजून दोन शब्द बोलतोय. त्यानं मोठ्या उत्साहानं माइक पुढे केला.

"वस्ताद, हात नका लावू," विक्रमचा आवाज कर्ण्यांतून सगळ्या मैदानावर पसरला. ढोल थांबले. जगदेवरावांनी वळून पाहिलं. ते विहंगच्या पाठीशी गुडघ्यावर बसले होते. त्यांनी हात हलवून खूण केली, जणू म्हणत होते, तू घाबरू नकोस, तुला तुझं आठवतंय, मी आहे ना. आणि त्यांनी तळवा विहंगच्या हनुवटीखाली घातला.

मग विक्रमला बोलावंच लागलं.

"मी पडलो तेव्हा माझे पाय हलत होते, वस्ताद. बोटांना माती कळत होती. तुम्ही मान ओढली, त्यानंतर गेले. पडून नाही गेले. तुमच्या हातानं गेले."

तो मराठीत बोलला. मैदानातले बहुतेक हिंदी बोलणारे, पण ग्वाल्हेरात एवढं मराठी सगळ्यांना कळतं. भज्यांच्या कढईचं चरचरणं मंचापर्यंत ऐकू येऊ लागलं. जगदेवराव तसेच बसून राहिले. मग त्यांनी विहंगच्या हनुवटीखालचा हात हळूच काढून घेतला आणि तो आपल्याच मांडीवर ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

"ह्याला हलवू नका," विक्रम माइकमध्ये सांगत राहिला. "फळी आणा. डोकं दोन्हीकडून धरा, वळवू नका. आहे तसा फळीवर घ्या." त्यानं हे दिल्लीच्या इस्पितळात ऐकलं होतं, फार उशिरा. कनातीमागच्या एका टपरीचं दार काढून आणलं. त्यावर विहंगला घेतलं आणि नेलं. वस्ताद मातीतच बसलेले होते. कुणी त्यांना उठवायला गेलं नाही, कारण त्यांना हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. शेवटी ते स्वतःच उठले आणि मंचाकडे न बघता, फेटा न घेता, मैदानाबाहेर चालत गेले.

विहंगच्या मानेच्या हाडाला तडा निघाला. डॉक्टर म्हणाले, बरं झालं कुणी हात लावला नाही. तीन महिने पट्टा, मग ठीक. हे ऐकून गावानं विक्रमचे पाय धरायला हवे होते. गावानं काय केलं? गल्लीतल्या दूधवाल्यानं शालिनीताईंशी बोलणं तोडलं. शेजारच्या सुधाताई, ज्यांचा खांदा वस्तादांनी दोनदा बसवून दिला होता, त्या दारातूनच विक्रमला म्हणाल्या, "खरं असलं तरी असं चारचौघांत बोलतात का? आणि त्याच तोंडानं आधी कौतुक केलंत." पक्की खोली अर्धी बांधून तशीच राहिली. शनिवारी रांगेतली माणसं ओट्यावर येऊन बसली आणि आखाड्याचं दार बंद बघून, लंगडत, कण्हत, विक्रमच्या नावानं बोटं मोडत घरी गेली.

विहंग एकदा आला. गळ्यात पट्टा, चेहरा ताठ. तो बसलाही नाही.

"भरती गेली माझी," तो म्हणाला. "वस्तादांनी तेव्हाच बसवली असती, तर मैदानात धावत असतो आज."

"नाही रे. माझ्यासारखा असतास."

"तुमचं तुमच्याबरोबर झालं, दादा. प्रत्येकाचं तेच होईल असं थोडीच आहे?" आणि तो गेला. दोन पायांनी, दारची पायरी उतरणाऱ्या चपलांचा आवाज करत गल्लीत गेला. विक्रम तो आवाज संपेपर्यंत ऐकत राहिला. त्या आवाजासाठीच आपण बोललो होतो, असं त्यानं स्वतःला समजावून पाहिलं. अर्धवट पटलं.

सोनिकानं मात्र त्या दिवसापासून त्याच्याशी बोलताना आवाज खाली आणला होता. "तुम्ही बरोबर केलं," ती म्हणाली, आणि त्याच्या केसांतून हात फिरवला. तिला वाटलं होतं तो मोकळा होईल. तो मोकळा वगैरे काही झाला नाही. त्याला भीती वाटत होती, साधी, पोटातली भीती, की मंगळवार येईल आणि कुणीच येणार नाही.

तसंच झालं. आईनं विचारलं, "दाढी करू?" तो हो म्हणाला. तेल कढवून झालं. दुपार टळली, तेलावर साय यावी तसा लसणाचा थर धरला, आणि आईनं वाटी उचलून आत नेली. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. त्याच्याही पुढच्या मंगळवारी तो दाढी नको म्हणाला, आणि नेमके त्याच दिवशी जगदेवराव आले.

दारातच ते इतके लहान दिसले की शालिनीताईंनी पदर सावरत विचारलं, "बरं नाही का?" ते आत आले. नेहमी खाटेच्या कडेवर बसत. आज खुर्ची ओढून भिंतीशी बसले. बाह्या खालीच होत्या. दोन्ही हात त्यांनी काखेत दाबून धरले होते, थंडी वाजत असल्यासारखे. शालिनीताई तेल तापवायला स्वयंपाकघरात गेल्या. सवयच तशी.

"तो कट् आवाज झाला ना," जगदेवराव म्हणाले, "मला वाटलं, बसली."

"हो."

"बसते तेव्हा असाच होतो तो. एकदम असाच. मी खूश झालो होतो." ते थांबले. "घरी येऊन देवाजवळ नारळ फोडला मी. तुझी मान बसली म्हणून."

विक्रम छताकडे बघत होता.

"तू आधी का नाही बोललास? पहिल्याच दिवशी का नाही? मी इतक्या माना ओढल्या त्यानंतर. काही बऱ्या होऊन गेल्या. काही परत नाही आल्या. मी म्हणायचो, बरं वाटलं असेल म्हणून नाही आल्या." त्यांनी हात काखेत आणखी दाबले. "आता रोज मी आठवून राहिलोय कोण कोण नाही आलं."

काय सांगणार होता विक्रम? उपकार आठवले म्हणून? तेही खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. आता लपवायला उरलं काय होतं?

"तुम्ही मला उभा करणार होता ना, वस्ताद," तो म्हणाला. "म्हणून."

जगदेवरावांनी मान खाली घातली. आतून तेलाचा, ओव्याचा वास आला. शालिनीताई वाटी घेऊन दाराशी येऊन थबकल्या. विक्रमनं त्यांच्याकडे पाहिलं, मग वस्तादांकडे.

"तेल गरम आहे," तो म्हणाला. "मालिश करून द्या."

"कशाला?"

रागानं नाही विचारलं. टोमणाही नव्हता. चार वर्षं दर मंगळवारी ज्या माणसानं उठवीन म्हणून सांगितलं, तो खरोखरच विचारत होता, कशाला. मग विक्रम जे बोलला ते बोलायला नको होतं, पण बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतोच.

"आज बोटांत काहीतरी कळतंय," तो म्हणाला. "माती लागल्यासारखं. सकाळपासून."

जगदेवरावांनी वर पाहिलं. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जुनं काहीतरी आलं, हात काखेतून निम्मे बाहेर निघाले. त्यांनी चादरीबाहेर पडलेल्या त्या पायांकडे बघितलं. आयुष्यभर त्यांनी पायच बघितले होते.

"नको बोलू खोटं, पठ्ठे," ते हळूच म्हणाले. "आता नको."

ते उठले. जाताना नेहमी ते विक्रमच्या डोक्यावर तळवा ठेवत. आजही सवयीनं हात पुढे आला, केसांच्या वर येऊन थांबला आणि तसाच मागे गेला. चपला घालून ते गल्लीत उतरले.

शालिनीताई वाटी घेऊन आल्या आणि खाटेच्या कडेवर बसल्या. त्यांनी बोटं तेलात बुडवली, मुलाचा पाय मांडीवर ओढला आणि वस्ताद करायचे तसं पोटरीवरून खाली हात फिरवू लागल्या. पायाला काहीच कळत नव्हतं. वस्तादांचे हात असतानाही कळत नव्हतंच. पण डोळ्यांना दिसत होतं की हे हात कुणाचे आहेत, आणि कुणाचे नाहीत.

विक्रमनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मान तेवढी अजून वळत होती.